लेखकाच्या पश्चात त्याचे खर्डे: गूगल आणि अ‍ॅपलच्या वारसा-सुविधांची पारख

तरुण वयात गेलेल्या लेखकाच्या मागे छापील पुस्तकं थोडी असतात, कधी एकही नसतं. मागे राहतात ते खर्डे. अर्ध्यावर थांबलेली कादंबरी, ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ अशा नावांनी साठवलेली एकच कथा, फोनच्या टिपणांत उतरवलेल्या कवितेच्या चार ओळी, मत मागण्यासाठी मेलने पाठवलेलं एखादं प्रकरण. यातलं पुष्कळसं आता गूगलच्या नाहीतर अ‍ॅपलच्या खात्यात असतं. खातेदाराच्या पश्चात ते विश्वासातल्या माणसाच्या हाती पडावं अशी सोय दोन्ही कंपन्यांनी केली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गूगलची सोय २०१३ साली आली, अ‍ॅपलची २०२१च्या अखेरीस. इथे दोन्हींची पारख एकाच प्रश्नावर केली आहे: उद्या कुणी त्या लेखकाचं पुस्तक सिद्ध करायला बसलं, तर त्याच्या हाती नेमकं काय लागेल?

आमचा कौल आधीच सांगतो. दोन्ही सोयी आजच सुरू कराव्यात. लेखनाच्या दृष्टीने गूगलची सोय जास्त लवचिक आहे. फोनच्या टिपणांत आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणांत लिहिणाऱ्यांसाठी अ‍ॅपलची जास्त भरवशाची. पण दोघांचीही मोठी उणीव एकच आहे. फाइली मिळतात, त्या फाइली तशा कशा झाल्या ते कळत नाही. आणि लेखक स्वतः शेवटचा हात फिरवायला राहिलेला नसतो, तेव्हा संपादकाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

जुनं उदाहरण घ्या. जर्मन नाटककार गेऑर्ग ब्युख्नर १८३७ साली तेविसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याचं ‘वॉयझेक’ हे नाटक खर्ड्यांच्या रूपात पडून होतं. दृश्यांचा क्रम नक्की नव्हता, अक्षर लागत नव्हतं. १८५० साली त्याच्या भावाने त्याचं उरलेलं लेखन छापलं, त्यात हे नाटक घेतलंच नाही. पुढे कार्ल एमिल फ्रान्झोस या संपादकाने रसायनं लावून पुसट शाई वर आणली आणि १८७९च्या आवृत्तीत नाटक छापलं, पण नायकाचं नावच ‘वोझेक’ असं वाचलं. संगीतकार आल्बान बेर्गच्या १९२५ साली रंगमंचावर आलेल्या ऑपेराच्या नावात ती चूक कायमची राहिली. दृश्यांचा क्रम तर आजही प्रत्येक दिग्दर्शकाला स्वतः ठरवावा लागतो. तरी तिथे निदान कागद होता, आणि कागदाला पासवर्ड नसतो. बंगाली कवयित्री तोरू दत्त १८७७ साली एकविसाव्या वर्षी गेली. तिची फ्रेंच कादंबरी वडिलांना तिच्या कागदपत्रांत मिळाली आणि १८७९ साली पॅरिसमध्ये छापली गेली. हीच कादंबरी कुलूपबंद खात्यात असती तर ती आहे हेसुद्धा वडिलांना कळलं नसतं.

आता गूगल. त्याच्या सोयीचं नाव ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेटा आणि गोपनीयता’ या भागात खाली डिजिटल वारशाचा पर्याय आहे, तिथून ती सुरू होते. आधी मुदत निवडायची: ३, ६, १२ किंवा १८ महिने. इतका काळ खात्यात हालचाल झाली नाही की खातं निष्क्रिय धरलं जातं. त्याआधी महिनाभर गूगल स्वतः खातेदाराला मेसेज आणि मेल पाठवून विचारतं. मग विश्वासातली माणसं नोंदवायची, जास्तीत जास्त १०. प्रत्येकाला कोणत्या सेवेतलं काय द्यायचं ते वेगवेगळं ठरवता येतं: एकाला फक्त ड्राइव्ह, दुसऱ्याला फक्त फोटो. डेटा द्यायचा असेल तर त्या माणसाचा फोन नंबरही द्यावा लागतो, कारण उतरवून घेण्याआधी त्यावर कोड येतो. मेल गेल्यावर डेटा उतरवून घ्यायला त्याच्याकडे तीन महिने असतात.

लेखकाने सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन महिने थोडे होतात. लांब आजारपणात किंवा प्रवासात उगाच गजर वाजेल. अठरा महिने मात्र फार झाले. तोवर कुटुंबाने फोन विकलेला असतो, नंबर बंद केलेला असतो, एखाद्या मासिकाकडून आलेला स्वीकृतीचा मेल शिळा झालेला असतो.

या सोयीत बिघाड होतो तो बहुतेक वेळा घरच्यांच्या मायेपोटी. हालचाल म्हणजे काय, हे ठरवताना गूगल लॉगिन, जीमेलचा वापर आणि अँड्रॉइड फोनची सर्व्हरशी होणारी नोंद, हे सगळं धरतं. गेलेल्या माणसाचा फोन आठवण म्हणून चार्जिंगला लावून वायफायवर चालू ठेवला, तर खातं जिवंतच दिसत राहतं आणि मुदत कधी संपतच नाही. बहीण-भाऊ पासवर्ड ठाऊक असल्याने अधूनमधून मेल बघतात, त्यानेही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून विश्वासातल्या माणसाने घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं: फोनमधल्या सगळ्याची प्रत काढून झाली की तो बंद करून ठेवा. दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे बदललेला फोन नंबर. नोंदवलेल्या माणसाचा नंबर बदलला आणि सेटिंगमध्ये जुनाच राहिला, तर कोड त्याच्यापर्यंत पोचत नाही. वर्षातून एकदा ही नोंद उघडून तपासावी.

शेवटी ‘निष्क्रिय झाल्यावर खातं पुसून टाका’ असा एक पर्याय येतो. तो बंदच ठेवावा. तो सुरू असेल तर तीन महिन्यांनी सगळं जातं. मात्र तो बंद ठेवला म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून लागू केलं आहे. म्हणजे काहीही केलं नाही तरी घड्याळ चालूच आहे.

आता मुख्य उणीव. गूगल डॉक्समध्ये प्रत्येक दस्तऐवजाच्या पोटात बदलांचा इतिहास असतो. कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद खोडला, शेवट आधी काय होता, पात्राचं नाव कधी बदललं, हे त्यात सापडतं. हस्तलिखितातली खाडाखोड, समासातल्या ओळी, चिकटवलेली चिठ्ठी, या सगळ्याची जागा आता या इतिहासाने घेतली आहे. वारसाला मिळणाऱ्या गठ्ठ्यात तो येत नाही. दस्तऐवज वर्डच्या फाइलीत रूपांतर होऊन येतो आणि त्यात असतं फक्त शेवटचं रूप. जाण्याच्या आदल्या रात्री लेखकाने एक अख्खं प्रकरण प्रयोग म्हणून उडवलं असेल, तर वारसाच्या लेखी ते प्रकरण कधी लिहिलंच गेलं नव्हतं. ड्राइव्हच्या कचरापेटीतल्या फाइलीही तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतात, तेव्हा सहा महिन्यांची मुदत संपेपर्यंत त्यांचा मागमूस राहत नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या, फक्त लेखकाबरोबर वाटून घेतलेल्या फाइलीही गठ्ठ्यात नसतात. दोघांनी मिळून लिहिलेल्या पटकथेची फाइल जोडीदाराच्या खात्यात असेल तर ती त्याच्याकडेच मागावी लागेल.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लेखकाने हयातीतच करायचे आहेत. पहिला साधा आणि खात्रीचा: प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे खर्डा पूर्ण झाला, कुणाला वाचायला दिला, मोठी काटछाट केली की, त्या दिवशीची प्रत वर्डमध्ये उतरवून ‘खर्डे’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग कृतीचं नाव. तारीख फाइलच्या नावातच हवी, कारण फाइल एका जागेवरून दुसरीकडे गेली की संगणकाने नोंदवलेली तारीख बदलू शकते आणि संपादक फसतो. दुसरा उपाय म्हणजे विश्वासातल्या एका माणसाला त्या दस्तऐवजांवर संपादनाचा अधिकार देऊन ठेवायचा. नुसता वाचण्याचा अधिकार उपयोगाचा नाही. बदलांचा इतिहास संपादनाचा अधिकार असलेल्यालाच दिसतो. असा माणूस लेखकाच्या पश्चात इतिहास उघडून प्रत्येक जुन्या रूपाची वेगळी प्रत काढू शकतो. काम कंटाळवाणं आहे, पण तेच खरं हस्तलिखित-संकलन. मूळ खातं पुसलं गेलं की त्याच्या मालकीचे दस्तऐवजही जातात, म्हणून ते पहिल्या काही महिन्यांतच उरकावं. आणि दस्तऐवजाची आख्खी नक्कल करून निश्चिंत होऊ नये, कारण नकलेबरोबर इतिहास येत नाही.

गूगलच्या सोयीतला एक बारीक पर्याय मात्र फार कामाचा आहे आणि लोक तो रिकामा सोडतात. विश्वासातल्या माणसासाठी इथे एक निरोप लिहून ठेवता येतो. खातं निष्क्रिय झालं की तो मेलबरोबर पोचतो. ‘ड्राइव्हमधल्या अमुक फोल्डरमध्ये कादंबरी आहे, तारखेने शेवटची प्रत तीच धरायची, डायरीचं फोल्डर उघडू नये’ हे सांगायची याहून चांगली जागा नाही. जीमेलवरून आपोआप उत्तर जाण्याची सोयही सोबत आहे. मासिकांकडे, प्रकाशकांकडे कथा पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या लेखकाने त्यात आपल्या पश्चात कोणाशी बोलायचं ते लिहून ठेवावं, म्हणजे एखाद्या संपादकाचा होकार रिकाम्या खात्यात पडून राहणार नाही.

एक गोष्ट गूगलने नीट केलेली नाही. वाटणी सेवेनुसार होते, फोल्डरनुसार नाही. ज्याला ड्राइव्ह दिलं त्याला सगळं ड्राइव्ह मिळतं, ज्याला मेल दिला त्याला प्रेमपत्रांसकट सगळा मेल. या भीतीने कित्येक लेखक कुणालाच काही देत नाहीत. यावर लेखनापुरतं वेगळं खातं काढणं हा उत्तम मार्ग आहे. फक्त त्या खात्यावरही ही सोय वेगळी सुरू करावी लागते, आणि ते अधूनमधून वापरात ठेवावं लागतं.

अ‍ॅपलची रचना वेगळी आहे. तिथे मुदत वगैरे काही नाही. मृत्यूचा दाखला आणि एक किल्ली (अ‍ॅपलने तयार केलेला कोड, ‘अ‍ॅक्सेस की’), या दोन गोष्टींवर दार उघडतं. आयफोनवर आयओएस १५.२ किंवा मॅकवर मॅकओएस १२.१पासून पुढे, सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारून ‘साइन-इन आणि सुरक्षा’मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ हा पर्याय मिळतो. खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू असणं सक्तीचं आहे. जास्तीत जास्त पाच माणसं नेमता येतात, त्यांच्याकडे अ‍ॅपलचं उपकरण असायलाच हवं असं नाही. प्रत्येकासाठी किल्ली तयार होते, ती क्यूआर कोडच्या रूपात छापून घेता येते. छापाच. मेसेजने पाठवलेली किल्ली समोरच्याने फोन बदलताना हरवली, तर पुढे न्यायालयाच्या आदेशाची वाट धरावी लागते.

मिळतं काय, ते पाहिलं तर लेखकासाठी यादी चांगली आहे: टिपणं, आयक्लाउड ड्राइव्हमधल्या फाइली, मेल, फोटो, आयक्लाउडवर ठेवलेले मेसेज, व्हॉइस मेमो आणि उपकरणाचा बॅकअप. कविता आधी म्हणून पाहणाऱ्या आणि मग लिहिणाऱ्या कवीसाठी व्हॉइस मेमो म्हणजे पहिला खर्डाच, आणि इथे तो वारसाला मिळतो. मिळत नाहीत ते साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेली पुस्तकं, गाणी, चित्रपट. पासवर्ड घालून कुलूप लावलेलं टिपणही मिळालं तरी उघडता येत नाही. तो पासवर्ड अ‍ॅपलकडेही नसतो. सगळ्यात खाजगी म्हणून जी कविता कुलपात ठेवली, तीच कायमची जाते. हे लेखकाला जाणून-बुजून हवं असेल तर उत्तम, पण ते ठरवून व्हावं.

अर्ज मंजूर झाल्यापासून तीन वर्षं वारसाला प्रवेश असतो, त्यानंतर खातं कायमचं पुसलं जातं. गूगलच्या तीन महिन्यांपुढे ही मुदत उदार आहे. पण इथे दोन खाचखळगे आहेत. एक, नेमलेल्या पाचांपैकी कुणीही एकटा खात्यातला डेटा कायमचा पुसू शकतो. इतरांची संमती लागत नाही. कुटुंबात एकाला लेखन छापायचं असतं आणि दुसऱ्याला घरातल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत असं वाटतं, हे तर नेहमीचं. म्हणून इथे पाचाचा आकडा विसरावा आणि एकच माणूस नेमावा, फार तर दोन. दोन, अर्ज मंजूर झाला की मूळ खात्याचा पासवर्ड चालेनासा होतो आणि वारसाला वेगळं खातं दिलं जातं. त्यामुळे घरात जो संगणक किंवा टॅब उघडा आहे, त्यावरचं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावं आणि मगच अर्ज करावा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फेसबुकवर वारस नेमता येतो, पण त्याला खाजगी संदेश वाचता येत नाहीत. गेलेल्या माणसाचं स्मृतीसाठी ठेवलेलं पान सांभाळण्यापलीकडे लेखनासाठी त्याचा उपयोग कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय नाही आणि १२० दिवस न वापरलेलं खातं साधारणपणे बंद होतं, म्हणून तिथे मित्रांना पाठवलेल्या कविता मित्रांनीच वेळेवर जपाव्यात. लेखनाच्या प्रणालींपैकी स्क्रिव्हनरबद्दल मात्र चांगलं सांगायला हवं. त्यातला प्रकल्प म्हणजे खरं तर एक फोल्डर असतो, आत प्रत्येक प्रकरण साध्या आरटीएफ फाइलीत आणि लेखकाने काढून ठेवलेली जुनी रूपंही तिथेच. ती प्रणाली नसलेल्या माणसालाही हे उघडून वाचता येतं. फक्त तो फोल्डर आख्खा उचलावा; आतल्या दोन-चार फाइली वेगळ्या काढल्या की कोणतं प्रकरण कुठलं, हा धागा तुटतो. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं काही असेल तर त्याची पीडीएफ प्रत सोबत ठेवावी, नाहीतर फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हं दिसतील.

लेखकाने काहीच नेमून ठेवलं नसेल तर? तरुण माणसाच्या बाबतीत बहुधा असंच असतं. तेव्हा पहिल्या आठवड्यात काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. सिमकार्ड बंद करू नका. खात्यांचे कोड त्याच नंबरवर येतात, आणि बंद झालेला नंबर पुढे परक्या माणसाला मिळू शकतो. पासकोडचे अंदाज करत बसू नका. आयफोनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळं पुसण्याची सोय सुरू केलेली असू शकते. फोन दुरुस्तीला देऊन ‘रीसेट’ करून घेऊ नका. घरातल्या उघड्या संगणकावरच्या फाइलींची आधी जशीच्या तशी प्रत काढा, ती प्रत वाचा, मूळ फाइल उघडून जतन करू नका. वह्या, बसची तिकिटं, पावत्यांच्या मागे लिहिलेलं, सगळं सापडलं त्या क्रमाने फोटो काढून ठेवा. गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र लागतं, कधी न्यायालयाचा आदेशही, आणि एवढं करून पासवर्ड कधीच दिला जात नाही.

कोणतीही कंपनी देऊ शकत नाही अशी एक गोष्ट उरते: लेखकाची इच्छा. अ‍ॅन फ्रँकने २० मे १९४४पासून आपली डायरी सुट्या कागदांवर स्वतः पुन्हा लिहायला घेतली होती, पुस्तक करायचं म्हणून. त्यामुळे तिच्या मागे दोन पाठ राहिले, मूळचा आणि तिनेच सुधारलेला. वडिलांनी दोन्हींतून तिसरा तयार केला, तो १९४७ साली छापला गेला. तिन्ही पाठ शेजारीशेजारी ठेवणारी चिकित्सक आवृत्ती यायला १९८६ साल उजाडलं. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ १९६३ साली तिसाव्या वर्षी गेली, तेव्हा ‘एरियल’ या कवितासंग्रहाचं हस्तलिखित तिने क्रम लावून ठेवलं होतं. १९६५ साली पुस्तक आलं ते पतीने काही कविता काढून, काही घालून. तिने लावलेला क्रम वाचकांपर्यंत पोचायला २००४ साल लागलं. दोघींचंही लेखन हरवलं नव्हतं. कोणता पाठ, कोणता क्रम, हे दुसऱ्यांनी ठरवलं, इतकंच.

म्हणून या सोयींच्या जोडीला एक पानभर लेखी सूचना हव्यातच. प्रत्येक कृतीची सद्यस्थिती (पूर्ण, सुधारायची आहे, टाकून दिलेली), छापायची चालेल अशी शेवटची प्रत कोणती, संग्रहातल्या कवितांचा क्रम, काय कधीही छापू नये, कोणत्या मासिकाकडे काय पाठवलं आहे, आणि निर्णयाचा शेवटचा शब्द कोणाचा. खाली सही आणि तारीख.

हा शेवटचा मुद्दा कायद्याशी जोडलेला आहे. अ‍ॅपलने किंवा गूगलने ज्याला फाइली दिल्या तो त्या लेखनाचा हक्कदार होत नाही. कॉपीराइट वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने जातो, आणि बर्न या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर निदान पन्नास वर्षं टिकतो. पुष्कळ देशांत त्याहून जास्त. त्यामुळे मृत्युपत्रात लेखनाच्या हक्कांचं नाव घेऊन वेगळं वाक्य घालावं आणि शक्यतो ज्याला फाइली मिळणार त्यालाच हक्क किंवा निदान संपादनाचा अधिकार द्यावा. फाइली मैत्रिणीकडे आणि हक्क आईवडिलांकडे गेले, तर प्रकाशकाला छपाईआधी आईवडिलांची लेखी परवानगी लागते, मग मैत्रिणीने पुस्तक कितीही चोख सिद्ध केलेलं असो.